सहलीचं तिकीट जेवणासह घ्यावं की जेवणाशिवाय?



दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचे वारे वाहू लागतात. पूर्वी सहल म्हटलं की किल्ला, धरण, देवस्थान ठरलेलं असायचं. आता चौथीची मुलंसुद्धा थेट विचारतात, "मॅडम, इमॅजिकाला नेणार का?" खोपोलीजवळचं हे उद्यान २०१३ मध्ये सुरू झालं. त्याआधी आमच्या पिढीला गोराईच्या एस्सेलवर्ल्डचं वेड होतं. अशी थीम पार्क आणि वॉटर पार्क आता बऱ्याच जिल्ह्यांत झाली आहेत. फोन केला की पलीकडून पहिला प्रश्न येतो, "तिकीट जेवणासह की जेवणाशिवाय?"

पालकही सुट्टीत कुटुंबासह जाताना हेच विचारतात. प्रश्न छोटा वाटतो, पण मी दोन सहलींत दोन वेगळी उत्तरं दिली आणि दोन्ही वेळा चुकले. म्हणून हा लेख.

पहिली चूक : जेवणाशिवाय तिकीट

पहिल्या वर्षी पैसे वाचावेत म्हणून आम्ही नुसतं तिकीट काढलं. एकूण वर्गणी ७०० रुपये. मुलांना सांगितलं, डबे आणा. पार्कच्या दारात कळलं की बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत. बऱ्याच पार्कमध्ये हा नियम असतो, आम्हीच आधी विचारलं नव्हतं. ४२ डबे बसमध्ये राहिले. दुपारी मुलांना बाहेर आणलं, तर चालकदादा बसला कुलूप लावून स्वतः जेवायला गेलेले. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या जेवणाचं आम्ही काहीच बघितलं नव्हतं. अर्धा तास मुलं उन्हात उभी.

त्या वेळात काही मुलांनी आतून पिझ्झा, फ्राईज घेऊन खाल्ले. घरून पैसे मिळाले होते त्यांना. एक मुलगी बाजूला बसून होती. विचारलं तर म्हणाली, "मला भूकच नाही मॅडम." बस उघडल्यावरही तिने डबा काढला नाही. परतीच्या प्रवासात, अंधार पडल्यावर, मागच्या सीटवर ती भाकरी खाताना दिसली. शाळेत रोज पोषण आहाराच्या पंगतीत पोटभर जेवणारी मुलगी आहे ती. तिला भूक होती, पण पिझ्झाच्या शेजारी भाकरी उघडायची नव्हती. ही वेळ तिच्यावर मी आणली होती.

दुसरी चूक : जेवणासह तिकीट

पुढच्या वर्षी मी हट्टाने जेवणासह पॅकेज घ्यायला लावलं. दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा-नाश्ता. वर्गणी १०५० रुपये झाली. पार्कमध्ये सगळं छान झालं. एकच रांग, एकच ताट, पुरी-भाजी, मसालेभात, गुलाबजाम. कोणाच्या खिशात किती आहेत हे कोणालाच कळलं नाही.

त्रुटी होत्याच. पैसे भरलेत म्हणून मुलांनी ताटं गच्च भरली आणि निम्मं टाकलं. दोघांनी पोटभर जेवून लगेच गोल फिरणारा पाळणा गाठला आणि जे व्हायचं ते झालं. ताप आल्याने दोन मुलं येऊ शकली नाहीत, त्यांचे जेवणाचे पैसे परत मिळाले नाहीत. पण हे सगळं चालून गेलं असतं.

खरी चूक नंतर कळली. तीन मुलांनी नावंच दिली नव्हती. आम्ही समजलो, घरी कार्य असेल. एका आईने मकर संक्रांतीला तिळगूळ देताना सांगितलं, "सातशे कसेतरी केले असते ओ मॅडम, वरचे साडेतीनशे नाही जमले." ज्या जेवणामुळे आत सगळे सारखे झाले, त्याच जेवणामुळे तिघं दाराबाहेर राहिले.

मग हिशेब कसा करायचा?

आधी कुटुंबाचं बोलू, कारण ते सोपं आहे. चौथीच्या मुलांना मी हेच शाब्दिक उदाहरण म्हणून घालते. आकडे मानलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा जेवणाचं पॅकेज माणशी ४५० रुपये आहे. घरात आई, बाबा, ९ वर्षांची ताई आणि ५ वर्षांचा छोटू. पॅकेजचे १८०० रुपये. आता पॅकेज न घेता काय खाल? दोन थाळ्या ७००, ताईचा डोसा १८०, छोटूची इडली १२०, संध्याकाळी दोन चहा ८० आणि चौघांत एक प्लेट वडा १२०. बेरीज १२०० रुपये. म्हणजे पॅकेज घेतलं तर ६०० रुपये जादा गेले.

आता दुसरं घर घ्या. चौघंही मोठे, त्यात दोन कॉलेजला जाणारे मुलगे. प्रत्येकाची थाळी ३५० आणि संध्याकाळचा नाश्ता-चहा १६०, म्हणजे माणशी ५१०. चौघांचे २०४०. इथे पॅकेजने २४० रुपये वाचले.

पॅकेज तेच, दरही तोच, उत्तर मात्र वेगळं. कारण पॅकेजचा दर ठरलेला असतो आणि पोट प्रत्येकाचं वेगळं असतं. लहान मुलं असतील तर बहुधा पॅकेज महाग पडतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी १०० ग्रॅम धान्य धरतात, सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम. पाच वर्षांचं मूल तर 'कितीही खा' वाल्या टेबलावर दोन पुऱ्या आणि एक गुलाबजाम खाऊन उठतं. त्यात अनेक पार्कमध्ये मुलांचं तिकीट वयावर नाही तर उंचीवर ठरतं. मूल उंच असेल तर ते खातं लहानासारखं आणि पैसे लागतात मोठ्यांचे. परदेशातही हेच आहे. फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये आगाऊ पैसे भरून जेवणाची योजना मिळते. २०२० मध्ये कोविडच्या काळात ती थांबली होती, जानेवारी २०२४ मध्ये परत सुरू झाली. तिथे दहा वर्षांचं मूल मोठ्या माणसात धरतात. आपल्या पाचवीतलं मूल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे कळेल.

पैशांशिवाय वेळेचाही हिशेब आहे. पॅकेजचं जेवण बहुधा ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळेत असतं. दुपारी एकला सगळे जेवायला गेले की पाळण्यांच्या रांगा कमी होतात. ज्यांना बाराला किंवा अडीचला खाता येतं, त्यांना त्या वेळात जास्त खेळता येतं. पण घरात मधुमेहाचे आजोबा असतील, चारचारदा "काय खायचं?" हा वाद नको असेल, तर ठरलेलं जेवण बरं. तिथे थोडे पैसे जास्त गेले तरी निवांतपणा मिळतो.

फोनवर हे नक्की विचारा

१. बाहेरचं खाणं आत चालतं का? पिण्याच्या पाण्याची सोय आहे की बाटल्याच घ्याव्या लागतात?
२. पॅकेजमध्ये नेमकं काय? एकदाच ताट की हवं तितकं? पाणी, आईस्क्रीम धरलं आहे का?
३. जेवणाची वेळ कोणती आणि जागा कुठे?
४. उपवासाचं, जैन जेवण मिळतं का?
५. मुलांचा दर वयावर की उंचीवर?
६. कोणी आलं नाही तर पैसे परत मिळतात का? आदल्या दिवशीपर्यंत संख्या बदलता येते का?
७. शिक्षक आणि चालकदादा यांच्या जेवणाचं काय?

शाळेच्या सहलीचं माझं मत

कुटुंबाचा निर्णय बेरजेवर करावा. शाळेचा निर्णय नुसत्या बेरजेवर करू नये. सहलीत एकतर सगळ्यांचं एकच जेवण असावं, नाहीतर सगळ्यांचे डबे असावेत आणि अंगतपंगत व्हावी. "ज्याने त्याने आपापलं बघावं" हा तिसरा पर्याय शाळेने ठेवूच नये. चाळीस मुलांतली पाच-सहा मुलं त्यात गप्प उपाशी राहतात आणि आपल्याला कळतही नाही.

काही सहकारी म्हणतात, मुलांना थोडे पैसे देऊन खर्च करू द्या, व्यवहारज्ञान येतं. मला ते वर्गात मान्य आहे. आम्ही शाळेत आनंद बाजार भरवतो, तिथे शिकू देत की. पण घरून ५०० रुपये आणणारा आणि २० रुपये आणणारी एकाच काउंटरसमोर उभी राहतात, तेव्हा दोघांना मिळणारं ज्ञान सारखं नसतं.

मागच्या वर्षी आम्ही पार्क सोडून किल्ल्यावर गेलो. एसटी शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देते, त्यामुळे वर्गणी आटोक्यात राहिली. बुरुजाच्या सावलीत डबे उघडले. त्या मुलीची भाकरी आणि ठेचा पाच जणींनी वाटून खाल्ला. एकही मूल मागे राहिलं नाही.

तरी मुलांना पार्क हवंच आहे आणि त्यांची हौस मला चुकीची वाटत नाही. म्हणून या वर्षी शाळा व्यवस्थापन समितीत ठरवलं : जेवणासहच जायचं, पण जेवणाचे ३५० रुपये एकदम मागायचे नाहीत. जून ते डिसेंबर, महिन्याला ५० रुपये. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांचं बघायची जबाबदारी समितीने घेतली आहे, वर्गात कोणाचं नाव न घेता. आजपर्यंत ४० पैकी ३८ मुलांचे पैसे नियमित येतात. उरलेल्या दोघांच्या घरी मी या रविवारी जाणार आहे.

तुमच्या शाळेत सहलीच्या जेवणाचं काय करता, आणि कोणी मागे राहिलं का हे कसं कळतं, ते जरूर सांगा.