संगणकामागची बॅटरी

शाळेला संगणक मिळाला की समारंभ होतो, फीत कापली जाते आणि दात्यांचे नाव संगणककक्षाच्या दारावर कोरले जाते. कोपऱ्यातील इन्व्हर्टरच्या बॅटरीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, संगणकाची विश्वासार्हता त्याच्या किमतीवर नव्हे, तर या बॅटरीच्या निगेवर अवलंबून असते.

पुरुषोत्तमनगरच्या परिसरात हे सांगण्यास विशेष कारण आहे. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे प्रदान झाले. आज विद्यार्थ्याची नोंद, शिष्यवृत्तीचा अर्ज, जातीचा दाखला हे सारे संगणकातून जाते. कागदी अर्ज कंदिलाच्या उजेडातही भरता येत असे. आता शेवटच्या दिवशी वीज गेली, तर आदिवासी पाड्यावरून आलेल्या मुलाचा हक्कच अडून राहतो.

भारनियमनाचे दिवस सरले, मग ही चिंता कशाला, असे काही जण विचारतात. परंतु वीज क्वचित जाते, तेथेच बॅटरी नकळत निकामी होत असते. जूनच्या पहिल्या वादळात तारा तुटतात, तेव्हा ती दहा मिनिटेही टिकत नाही.

अपेक्षाही हिशेबाने ठेवली पाहिजे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तास वीज साठवते. तिचे आयुष्य राखायचे, तर त्यातील निम्मीच वापरावी. इन्व्हर्टरमधील घट वजा जाता सुमारे ७०० वॅट-तास उरतात. पडद्यासह १२० वॅट घेणारा एक संगणक त्यावर सहा तास चालेल, सहा संगणक जेमतेम तासभर. म्हणून कार्यालयाच्या संगणकाला प्रथम मान द्यावा आणि पंखे त्या जोडणीवर घेऊ नयेत. शिवाय साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना पडणाऱ्या खंडाने संगणक बंद पडू शकतो. यूपीएसची सोय असलेले यंत्रच घ्यावे.

बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता. २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना तिचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि आपला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. त्यातच निवासी शाळेची उन्हाळी सुट्टी येते. मुख्य बटण बंद, पाणी आटत चाललेले, बॅटरी रिकामी. अशा स्थितीत तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. म्हणून सुट्टीतही ती भारित राहील, याची जबाबदारी एका कर्मचाऱ्याकडे नेमून द्यावी. पाणी ऊर्ध्वपातितच घालावे, कारण विहिरीच्या वा कूपनलिकेच्या पाण्यातील क्षार पट्ट्या खराब करतात. भारित होताना हायड्रोजन वायू निघतो, यास्तव मुलांच्या निजण्याच्या खोलीत ती ठेवू नये आणि तिच्याजवळ दिवा-उदबत्ती लावू नये.

शाळांनी एक साधी नोंदवही ठेवावी. तीत खरेदीची तारीख, पाण्याची मासिक तपासणी आणि तीन महिन्यांतून एकदा मुख्य वीज बंद करून मोजलेली टिकण्याची वेळ लिहावी. ही वेळ घटू लागली की बदलाची तयारी करावी. जुनी बॅटरी भंगारवाल्यास न देता विक्रेत्याकडेच परत करावी, कारण तिच्यातील शिसे मुलांना घातक असते. महत्त्वाच्या नोंदींची दुसरी प्रतही वेगळ्या ठिकाणी असावी, कारण बॅटरी काम वाचवते, बिघडलेली डिस्क नव्हे.

माजी विद्यार्थी व हितचिंतकांना आमची नम्र विनंती आहे. आपण संगणक द्याल, तेव्हा चार-पाच वर्षांनी लागणाऱ्या नव्या बॅटरीची रक्कमही त्याच देणगीत बाजूला ठेवावी. तिच्यावर आपले नाव कोरता येणार नाही. पण एखाद्या मुलीचा अर्ज मुदतीच्या रात्री वेळेत पोहोचेल, त्यात आपला वाटा असेल.