निर्दोषांच्या नावाने

साहित्याचे विद्यार्थी आणि अध्यापक फुटबॉलच्या वाटेला सहसा जात नाहीत, आणि फुटबॉलच्या शिस्तपालन आयोगांची निकालपत्रे तर फुटबॉलचे भक्तही वाचत नाहीत. तरीही अशा एका निकालपत्राकडे आम्ही या वाचकवर्गाचे लक्ष वेधू इच्छितो. त्याचा दोष नियमांच्या अर्थनिर्णयनात जितका आहे तितकाच तो कथनात आहे. कथेत कोणाला पात्र म्हणून घ्यावयाचे आणि कोणाचा उल्लेखही करावयाचा नाही, हा निर्णय त्यात न्यायबुद्धीचा आव आणून घेतला गेला आहे. अशी निवड ओळखण्याचे शिक्षण ज्यांना मिळालेले असते त्यांनी हे गद्य वकिलांवर सोपवून मोकळे होऊ नये.

प्रकरण असे. ३१ ऑगस्ट २००६ रोजी वेस्ट हॅम युनायटेड या पूर्व लंडनच्या क्लबने कार्लोस तेवेझ आणि हाविएर मास्चेरानो हे अर्जेंटिनाचे दोन खेळाडू ब्राझीलच्या कोरिंथियान्सकडून घेतले. ‘घेतले’ हे क्रियापद येथे सैल आहे. खेळाडूंची नोंदणी क्लबच्या नावे झाली. त्यांचे ‘आर्थिक हक्क’ मात्र बाहेरच्या कंपन्यांकडे राहिले. दक्षिण अमेरिकेत आणि पोर्तुगालमध्ये ही पद्धत तेव्हा सर्रास होती. पैशाची चणचण असलेला क्लब खेळाडूच्या भावी विक्रीतील वाटा गुंतवणूकदाराला आधीच विकून टाकतो. खेळाडू पुढे विकला गेला की गुंतवणूकदार आपला हिस्सा उचलतो. वार्षिक कराराने राबणाऱ्या सालगड्याला निदान आपला मालक कोण हे ठाऊक असे. येथे खेळाडू एका संघाचा गणवेश घालतो आणि त्याच्या पायांवरचा हक्क कागदावर दुसऱ्याच कोणाचा असतो.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये अशा मालकीवर तेव्हा सरसकट बंदी नव्हती. ती २००८ मध्ये आली. क्लबच्या धोरणावर किंवा संघाच्या कामगिरीवर बाहेरच्या व्यक्तीला लक्षणीय प्रभाव टाकता येईल असा करार मात्र निषिद्ध होता. तेवेझच्या करारात कंपन्यांना तो अधिकार होता. ठराविक रक्कम क्लबच्या हाती ठेवून त्या खेळाडूला काढून नेऊ शकत होत्या, आणि क्लबला नकार देता येत नव्हता. हे कागद लीगपासून दडवण्यात आले. सर्व कागद दाखवले आहेत असे क्लबच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने लीगला सांगितले आणि ते असत्य होते, असा निष्कर्ष खुद्द आयोगानेच काढला. चूक अनवधानाने झाली नव्हती याविषयी आयोगाला संशय नव्हता.

एवढे सिद्ध झाल्यावर २७ एप्रिल २००७ रोजी शिक्षा झाली ती ५५ लाख पौंडांच्या दंडाची. इंग्लंडमध्ये तोवर एवढा दंड कोणत्याही क्लबला झाला नव्हता. गुण मात्र एकही कापला गेला नाही. क्लबने गुन्हा कबूल केला, मालक बदलले, खटला उभा राहण्यास विलंब झाला, जानेवारीत गुणकपात करणे सोपे गेले असते, एप्रिलमध्ये ती क्लबला खालच्या श्रेणीत ढकलणारी ठरेल, आणि घसरणीशी झुंजणारे खेळाडू व समर्थक यांचा यात काही अपराध नाही. ही आयोगाची प्रमुख कारणे. शेवटचे कारण वाचताना कोणाही सहृदय माणसाचा कंठ दाटून यावा. आमचाही आला असता, पण गुणतालिका समोर होती.

गुणतालिका हा अत्यंत निष्ठुर साहित्यप्रकार आहे. वीस संघ, अडतीस सामने, शेवटचे तीन बाहेर. एकाला दिलेली दया तेथे दुसऱ्याच्या खात्यातूनच वजा होते, तिसरी जागा नाही. वेस्ट हॅमने शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकले. १३ मे रोजी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर तेवेझच्याच गोलने ते १-० असे जिंकले आणि ४१ गुणांवर थांबले. त्याच दुपारी शेफिल्ड युनायटेड आपल्या घरच्या मैदानावर विगनकडून १-२ असे हरले. विगनचा निर्णायक गोल पेनल्टीवर ज्या डेव्हिड अन्सवर्थने केला तो जानेवारीपर्यंत शेफिल्डचाच खेळाडू होता. कादंबरीकाराने असा योगायोग योजला असता तर आपण समीक्षकांनी त्याला फाडून खाल्ले असते. विगन आणि शेफिल्ड दोघांचे गुण ३८, आणि एका गोलाच्या फरकाने शेफिल्ड खाली गेले. वेस्ट हॅमचे केवळ तीन गुण कापले असते तर तेही ३८ वर आले असते आणि गोलफरकात शेफिल्डच्याही खाली राहिले असते.

तेव्हा प्रश्न असा की शेफिल्डचे समर्थक अपराधी होते काय? ते आयोगाच्या निकालपत्रात कोठेच नाहीत. निर्दोषांच्या नावाने केलेल्या युक्तिवादात निर्दोषांचा एकच गट गृहीत धरला आहे, जो आरोपीच्या बाजूच्या प्रेक्षागारात बसलेला असतो. दुसऱ्या प्रेक्षागाराला नाव नाही, आवाज नाही. परिघाबाहेर ठेवलेल्यांचे मौन कसे वाचावे हे आपण वर्गावर्गांतून शिकवतो. येथे तेच कौशल्य उपयोगी पडावे.

आणि ही करुणा सर्वांच्या वाट्याला सारखी येते असेही नाही. १९९७ मध्ये मिडल्सब्रोचे तीन गुण कापले गेले, कारण खेळाडू आजारी आहेत असे सांगून त्यांनी ब्लॅकबर्नविरुद्धचा सामना खेळण्यास नकार दिला होता. त्या तीन गुणांमुळे ते खालच्या श्रेणीत गेले. त्यांच्या समर्थकांनी काय केले होते? वेस्ट हॅमच्याच मोसमात एएफसी विम्बल्डन या खालच्या पायरीवरील क्लबचे तब्बल १८ गुण कापण्यात आले. जर्मेन डार्लिंग्टन हा खेळाडू पूर्वी वेल्समधील कार्डिफकडून खेळला होता, म्हणून त्याच्यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना लागत होता आणि तो घ्यावयाचा राहून गेला. शुद्ध कारकुनी चूक. अपिलात १८ चे तीन झाले, पण ते तीन कापलेच. गंमत अशी की हा क्लब समर्थकांनीच २००२ मध्ये स्थापन केलेला आणि त्यांच्याच मालकीचा. म्हणजे येथे समर्थक निर्दोष असण्याची सोयच नव्हती! लबाडी केलेल्याला दंड आणि विसरलेल्याला गुणकपात, हा न्याय कोणत्या स्मृतीत बसतो ते शास्त्र्यांनी सांगावे.

एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. ५५ लाख पौंड ही काही किरकोळ रक्कम नव्हे, असे म्हटले जाते. मान्य. पण मिळालेला लाभ गुणांचा असेल तर पैशातील दंड ही शिक्षा न राहता किंमत होते. श्रीमंत क्लबने ती मोजावी आणि पुढे जावे. नियमभंगाचा दर आधीच जाहीर केल्यासारखेच ते आहे.

पुढे जे घडले ते अधिकच शिकवणारे. जुलै २००७ मध्ये सर फिलिप ऑटन यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने शेफिल्डची तक्रार फेटाळली. मात्र आम्ही त्या जागी असतो तर बहुधा गुण कापले असते, असेही नमूद केले. सहानुभूती दिली, न्याय नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लॉर्ड ग्रिफिथ्स यांच्या लवादाने शेफिल्डच्या बाजूने कौल दिला: तेवेझ नसता तर वेस्ट हॅमला निदान तीन गुण कमी मिळाले असते. मार्च २००९ मध्ये तडजोड झाली. भरपाईची रक्कम सुमारे दोन कोटी पौंड असल्याची वृत्ते होती. शेफिल्डचा क्लब मात्र खालच्या श्रेणीतच राहिला. तो प्रीमियर लीगमध्ये परतला २०१९ साली.

ग्रिफिथ्स यांचा निर्णय आम्हांस सुखावतो, त्याची तर्करीती पटत नाही. कादंबरीतून एक पात्र काढून टाकले तर उरलेले कथानक कसे घडले असते, हे कोणता समीक्षक ठामपणे सांगेल? तेवेझच्या जागी दुसरा कोणी खेळला असता, कदाचित त्यानेही गोल केले असते. पण असल्या अनुमानांच्या दलदलीत लवादाला उतरावे लागले याचे कारणच हे की पहिल्या आयोगाने सरळ रस्ता सोडला होता. नियमभंगाचे गुण आधीच ठरवून ठेवावेत आणि ते कापताना कोण तरेल, कोण बुडेल हे पाहू नये. तेवेझने किती गोल केले हा प्रश्नच मग उद्भवत नाही. क्लबने काय दडवले एवढाच उरतो. एप्रिलमध्ये कपात क्रूर वाटते हे खरे; पण ती एप्रिलपर्यंत लांबली याचे मोठे कारण आरोपीनेच कागद लपवले होते हे आहे. लपवाछपवीने मिळवलेला वेळ शिक्षा सौम्य करण्यास कामी यावा, यापेक्षा विपरीत बोध कोणता?

फिफाने १ मे २०१५ पासून जगभर तिऱ्हाइताच्या मालकीवर बंदी घातली. त्यानंतर पहिल्या मोठ्या शिक्षांपैकी एक झाली ती मँचेस्टरला नव्हे, माद्रिदला नव्हे, तर बेल्जियमच्या सेरें या लहानशा क्लबला. डोयेन या गुंतवणूक कंपनीला खेळाडूंच्या हक्कांतील वाटे विकल्याबद्दल त्याच वर्षी त्याला चार हस्तांतरण-हंगामांची बंदी आणि दीड लाख स्विस फ्रँक दंड झाला. २०१७ मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने बंदी तीन हंगामांवर आणली, दंड कायम ठेवला. या क्लबच्या समर्थकांविषयी कोणी कळवळ्याने लिहिल्याचे आमच्या वाचनात नाही. क्लब मात्र हटला नाही. १ ऑगस्ट २०२५ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्याच्याच खटल्यात निर्णय दिला की क्रीडा लवादाचे निवाडे संघाच्या मूलभूत कायद्याशी सुसंगत आहेत की नाहीत, हे सदस्यदेशांच्या न्यायालयांना परिणामकारकपणे तपासता आले पाहिजे. शिक्षा भोगून झाल्यावर कित्येक वर्षांनी सेरेंला ती विचारण्याचा अधिकार मिळाला.