फ्लॅशचा उजेड दहा फुटांचा

बारामती-इंदापूर भागात घरातले कपाट आवरताना रोलचा छोटा कॅमेरा हाती लागला, असे अजूनही घडते. याशिका एमएफ-2, कोडॅक केबी-10 असे कॅमेरे एके काळी लग्नात, जयंतीत, सहलीत हातोहात फिरत. आता तरुण मुले ते पुन्हा बाहेर काढू लागली आहेत. 2024 साली पेंटॅक्स कंपनीने तर रोलचा नवा कॅमेराही बाजारात आणला. पण रोलमध्ये फोटो फार तर छत्तीस, आणि चुकलेला फोटो धुऊन आल्यावरच कळणार! म्हणून कॅमेऱ्यातला फ्लॅश समजून घेतलेला बरा.

छोट्या कॅमेऱ्यातच फ्लॅश बसवण्याची सोय 1975 साली कोनिका कंपनीने आपल्या कॅमेऱ्यात दिली. सोय मोठी, पण उजेड थोडा. अंतर दुप्पट झाले की उजेड चौथाई होतो. पाच फुटांवर जेवढा उजेड पडतो, त्याचा चौथा हिस्सा दहा फुटांवर आणि नववा हिस्सा पंधरा फुटांवर. 100 नंबरचा रोल असेल तर साधारण दहा फूट ही मर्यादा धरावी. 400 नंबरचा घातला तर ती दुप्पट होते. चार फुटांच्या आत गेले तर चेहरा पांढराफटक पडतो.

आता आपल्या कार्यक्रमातला समूह फोटो आठवा. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे बसलेले, ते लख्ख दिसतात. मागच्या रांगा अंधारात जातात. मागे कोण उभे असते, हे वेगळे सांगायला नको. घरातली म्हातारी माणसे, बायका, पोरे! उद्या आजी गेली की फ्रेमसाठी याच फोटोतला तिचा चेहरा मोठा करायची वेळ येते, आणि तो काळा निघतो.

त्यात आपल्या माणसांचे चेहरे सावळे. कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी जे 'शर्ली कार्ड' देई, त्यावर अनेक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच फोटो असे. सावळ्या चेहऱ्याचा विचारच त्यात नव्हता. दोष चेहऱ्याचा नाही, मोजमापाचा आहे. निगेटिव्ह रोलला उजेड थोडा जास्त झालेला चालतो, कमी पडलेला चालत नाही. म्हणून सर्वांना उजेडात घ्या. रांगा लावण्याऐवजी अर्धगोलात उभे करा, म्हणजे कॅमेऱ्यापासून सर्वांचे अंतर सारखे राहील. माणसे जास्त असतील तर एकाऐवजी दोन फोटो काढा.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

फ्लॅश तयार झाल्याचा दिवा लागल्याशिवाय बटण दाबू नये. सेल उतरले की हा दिवा उशिरा लागतो.

बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांना काच असते. समोरून फ्लॅश मारला तर काचेत पांढरा गोळा उमटतो. थोडे तिरके उभे राहावे.

फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असल्याने डोळे लाल येतात. खोलीतले दिवे लावावेत आणि माणसांना भिंगाच्या किंचित बाजूला पाहायला सांगावे.

एप्रिलच्या भर उन्हात टोपीखाली, पदराखाली चेहरा काळा पडतो. अशा वेळी सहा-सात फुटांवरून, उन्हातही फ्लॅश चालू ठेवावा.

भिगवणला उजनीच्या पाण्यावरचे रोहित पक्षी टिपताना मात्र तो बंदच ठेवावा. उजेड तिथवर पोहोचत नाही आणि सेल फुकट जातात.

बिघडलेला कॅमेरा घरी उघडू नये. सेल काढल्यावरही फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट दाब राहू शकतो आणि जबर झटका बसतो.

येत्या कार्यक्रमात बटण दाबण्यापूर्वी एकदा मागच्या रांगेकडे पाहा. तिथे कोणी दहा फुटांच्या पलीकडे असेल, तर त्याला हाक मारून पुढे बोलवा.