दुसरे मत कोणाला?

निवडणूक आली की नागपूरच्या वस्त्यावस्त्यांत एकच प्रश्न निघतो : आपला माणूस कोण? गळ्यात निळा दुपट्टा घालून बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला, की तो आपला झाला काय?

१९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवा. मतदारसंघ दोन जागांचा, एक सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. राखीव जागेवर स्वतः बाबासाहेब उभे. एक मत बाबासाहेबांना देऊन दुसरे कुजवावे, असा कार्यकर्त्यांचा आग्रह होता. बाबासाहेबांनी तो साफ नाकारला. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब मात्र काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. ज्यांनी आपल्याला मताचा हक्क मिळवून दिला, त्यांनी पराभव पत्करला. पण मत कुजवू दिले नाही.

आणि आपण? कोणी आदल्या रात्रीच्या पाकिटावर मत देतो, कोणी पोटजातीवर, कोणी नेत्यावरील भक्तीवर. "हरणाऱ्याला दिले तर मत वाया जाईल," असेही ऐकवले जाते. बंधू-भगिनींनो, मत वाया जाते ते न तपासता दिल्याने!

सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निकालांमुळे उमेदवाराला गुन्हे, मालमत्ता व शिक्षण शपथपत्रावर जाहीर करावे लागते. ते शपथपत्र विहारात सर्वांसमोर वाचा. मग उमेदवाराला विचारा : अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस ठाण्यावर कधी आलात? शिष्यवृत्ती रखडली तेव्हा कुठे होता? झोपडपट्टीच्या पट्ट्यांसाठी काय केले?

उत्तर देईल, तोच आपला माणूस.