आधी ८.०४ची गाडी पकडा

सकाळची ८.०४ची गाडी. डोंबिवलीची वाटेल, पण ही लंडनच्या युस्टन स्टेशनला जाते. खिडकीशी बसलेली रेचल रोज त्याच सिग्नलला रुळांकडेच्या एका घरात डोकावते आणि तिथल्या अनोळखी जोडप्याला मनानेच नावं देऊन टाकते. पॉला हॉकिन्स यांची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ ही कादंबरी २०१५ची. पुढच्याच वर्षी तिच्यावर इंग्रजी सिनेमा आला, २०२१मध्ये हिंदी. ‘सिनेमा आहे ना, मग एवढी पानं कोण वाचत बसणार?’ असं म्हणणाऱ्यांना माझी विनंती आहे: आधी पुस्तक वाचा. निदान अशा खुनाच्या रहस्यकथांच्या बाबतीत तरी.

कारण सांगतो. रेचलला दारूचं व्यसन आहे आणि प्यायल्यावर काय घडलं ते तिला आठवत नाही. एका रविवारी ती जागी होते तर डोक्याला खोक पडलेली, आणि शनिवारची रात्र कोरी. पुस्तकात हे ती स्वतःच सांगते, त्यामुळे तिच्याइतकंच तुम्हाला माहीत असतं. ती स्वतःवर संशय घेऊ लागली की तुम्हीही घेता, आणि त्याच पानावर तिची कीवही येते.

कॅमेऱ्याची इथे पंचाईत होते. कोरी जागा पडद्यावर कोरी ठेवून कसं चालेल? मग धूसर, तुटक दृश्यं येतात. आपला डोळा भोळा. दिसलं ते घडलं, असं धरून चालतो. पुढे तेच दृश्य वेगळं दाखवलं की ‘आम्हाला फसवलं’ अशी चिडचिड होते. पुस्तकात अशी तक्रार करता येत नाही, कारण जे आठवलं ते रेचलला आठवलेलं असतं.

इंग्रजी सिनेमात रेचल झालेल्या एमिली ब्लंटने काम चोख केलंय, त्याबद्दल वाद नाही. पण पुस्तकातली रेचल जाड झालेली, सुजलेल्या चेहऱ्याची, लोकांच्या नजरा चुकवणारी आहे. एकदा ब्लंट पाहिली की ही रेचल पुन्हा डोळ्यांपुढे येणं कठीण. शिवाय इंग्रजी सिनेमाने गोष्ट न्यूयॉर्कला नेली. परिणीती चोप्राचा हिंदी सिनेमा लंडनला परतला खरा, पण त्याचा शेवटच निराळा आहे. तेव्हा हिंदी पाहिलाय म्हणून गोष्ट कळली, असं समजू नका.

वाचताना प्रकरणांवरच्या तारखा मात्र गाळू नका. तीन बायका आळीपाळीने बोलतात आणि त्यांतल्या मेगनची हकिगत रेचलच्या वर्षभर आधी सुरू होते. मी तारखा गाळल्या, गोंधळलो आणि मुकाट्याने पहिल्या पानावर परत आलो. पुस्तक महिनाभर रेंगाळवूही नका, तीन-चार बैठकींत संपवा. सिनेमा नंतर, मधे आठवडाभर जाऊ देऊन पाहा. सिनेमा आधीच पाहिला असेल तरी वाचा. खुनी डोळ्यांसमोर असून लेखिकेने तो कसा झाकलाय, हे पाहण्यात वेगळी गंमत आहे.

आणखी एक. ग्रंथालयातून मला मिळालेल्या प्रतीत कुणीतरी सुरुवातीलाच समासात निळ्या पेनाने बाण काढून खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. कृपा करा, वाचताना पेन लांब ठेवा.