दादाची अर्धी फियाट

आमच्या आत्याच्या टिळकवाडीतल्या घरामागे बारा वर्षं एक निळी ताडपत्री होती. ताडपत्रीखाली फियाट आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण तिच्याबद्दल कुणी बोलत नसे. बेळगावचे बारा पावसाळे त्या ताडपत्रीने झेलले. 2023 च्या उन्हाळ्यात आत्या मला म्हणाली, "अरे, भंगारवाला दोनदा येऊन गेला. तुला हौस आहे म्हणून आधी तुला विचारते. घेऊन जा, नाहीतर मी देऊन टाकते."

गाडी माझ्या आतेभावाची. आम्ही सगळी भावंडं त्याला दादाच म्हणतो. 1970 सालची फियाट 1100 डिलाइट त्याने हौसेने विकत घेतली आणि तिचं रूप पालटायला सुरुवात केली. 2011 मध्ये आखातात नोकरी लागली, तो गेला, आणि गाडी होती तशी राहिली. घरात त्याच्या हौसेचा विषय निघाला की "सुरू करतो आणि सोडून देतो" हे वाक्य ठरलेलं. खरं सांगायचं तर मीही ते कितीदा तरी म्हटलं असेन.

तुमच्यापैकी अनेकांनी ही गाडी फक्त जुन्या हिंदी सिनेमात पाहिली असेल. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या परवान्याने या गाड्या तयार होत. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावरच हँड गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. हीच गाडी पुढे 1974 पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरात पोहोचली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा ती बातमी मी हाताला ग्रीस लागलेल्या अवस्थेत वाचली.

ताडपत्री काढल्यावर जे दिसलं ते असं. पेट्रोल इंजिन बाहेर काढून त्या जागी कुठलं तरी डिझेल इंजिन टांगलेलं. त्यासाठी मूळ माउंटिंग कापलेली. हँड गिअर काढून खाली गिअर आणायचा म्हणून मधल्या पत्र्याला हातभर भोक. पुढच्या डाव्या चाकाला डिस्क ब्रेक, उजव्या चाकाला मूळ ड्रम. मागे रुंद टायर, ते मडगार्डला घासणारे. डॅशबोर्डमागे वायरींचा गुंता आणि त्यात उंदरांचा संसार. मूळ इंजिन शेडच्या कोपऱ्यात पोत्याखाली, पूर्ण जाम.

उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींना मी बघायला बोलावलं. साठी उलटलेले, बोलणं मोजकं. गाडीभोवती दोन फेऱ्या मारून ते म्हणाले, "सर, गाडी सरळ असती तर सोपं होतं. ही दुसऱ्याच्या डोक्यातली गाडी आहे. आधी त्याच्या डोक्यात काय होतं ते बघा, मग पान्याला हात लावा. गडबड करू नका."

त्याप्रमाणे पहिला महिना मी एकही नट फिरवला नाही. प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढले. शेडमधले डबे उघडून प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधली. त्यातच एका बिस्किटाच्या डब्यात दादाची वही सापडली. कुठला भाग कधी काढला, कुठे ठेवला, काय आणायचं राहिलं, सगळं सुवाच्य अक्षरात. अर्धवट माणूस अशी वही ठेवत नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मग प्रश्न आला तो निर्णयाचा. दादाची गाडी पूर्ण करायची, की कारखान्यातून निघाली तशी परत करायची?

इथे हौसेआधी कायदा उभा राहतो, आणि तरुण वाचकांनी हे नीट ऐकावं. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. नोंदणीपत्रात पेट्रोल आणि बॉनेटखाली परवानगीशिवाय बसवलेलं डिझेल इंजिन, हे चालणार नव्हतं. मूळ इंजिन, त्याच नंबरचं, परत बसवणं हाच मार्ग होता. दादाने ते विकलं नव्हतं, पोत्याखाली जपलं होतं, म्हणून आज ही गाडी आहे.

दुसरा मुद्दा कापलेल्या पत्र्याचा. अँबॅसॅडर असो की फियाट, या गाड्यांना ट्रकसारखी वेगळी चॅसी नसते. छत, खांब, तळ मिळून एकच सांगाडा असतो आणि सगळा भार तोच पेलतो. तळाला भोक पाडणं म्हणजे घराच्या भिंतीतून वीट काढणं नव्हे, तुळईला करवत लावणं. पत्र्याचं काम करणाऱ्याने गंजलेला भाग मागे चांगला पत्रा लागेपर्यंत कापला आणि त्याच जाडीचा नवा पत्रा वेल्ड केला. कापण्याआधी दारांच्या चौकटींना आतून आडवे लोखंडी पाइप टाकले, नाहीतर सांगाडा वाकतो आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत.

इंजिनाचं काम सर्वांत सावकाश झालं. जाम इंजिन स्टार्टर मारून किंवा ढकलून सोडवायला जाऊ नका, पिस्टन किंवा रिंग तुटते. आम्ही प्लग काढून चारही भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओतलं आणि आठ दिवस तसंच ठेवलं. रोज संध्याकाळी पान्याने क्रँकची पुली किंचित पुढे-मागे करून बघायची. नवव्या दिवशी ती बोटभर हलली. मिस्त्रींनी फक्त मान डोलावली. मग इंजिन उघडलं. दोन सिलिंडरमध्ये पाणी साचून गंजाचे चट्टे पडले होते. उद्यमबागेतच बोअरिंग करून जास्त मापाचे पिस्टन घातले. आपल्या गावाला फौंड्री आणि लेथची परंपरा आहे, तिचा अर्थ मला तेव्हा कळला. जो भाग बाजारात मिळाला नाही तो कुणीतरी कारागिराने नमुना बघून बनवून दिला.

पेट्रोलची टाकी आतून गंजली होती. तिच्यात बारीक खडी आणि पाणी घालून हलवून हलवून ती साफ केली. रबराचे सगळे पाइप बदलले. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि जुन्या काळचं रबर फुगवतं, म्हणून इथेनॉल सोसणारेच पाइप घ्यावे लागतात. वायरिंग पूर्ण नवं केलं आणि मुळात मोजकेच फ्यूज होते तिथे चार वाढवले.

ब्रेकवरून मात्र दादाशी फोनवर वाद झाला. तो म्हणाला, "डिस्कच ठेव रे. ड्रमपेक्षा केव्हाही चांगले." त्याचं म्हणणं तत्त्वतः बरोबरच होतं. पण एका बाजूला डिस्क आणि दुसऱ्या बाजूला ड्रम असेल तर ब्रेक दाबताच गाडी एका अंगाला ओढते. दोन्हीकडे डिस्क करायचे तर मास्टर सिलिंडर त्या मापाचा हवा, आणि दादाच्या जमवाजमवीत तो नव्हता. अंदाजाने जुळवलेल्या ब्रेकवर मी कुणाला बसवणार नव्हतो. मी तसं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, "ठीक आहे. गाडी आता तुझी आहे."

हे वाक्य मला लागलं. एक-एक करून मी त्याचं सगळंच खोडत चाललो होतो. डिझेल इंजिन गेलं, खालचा गिअर गेला, रुंद टायर गेले, आता डिस्कही. उरणार काय होतं त्याचं?

त्याचं उत्तर मागची सीट काढल्यावर मिळालं. मागच्या सांगाड्याला आतून चार पोलादी पट्ट्या वेल्ड केलेल्या होत्या, प्रत्येकीत आटे पाडलेलं भोक. वेल्डिंग इतकं सफाईदार की मिस्त्रींनी त्यावरून अंगठा फिरवून बघितला. वहीत शोधलं तर शेवटच्या पानाच्या आधीच्या पानावर नोंद होती: "मागचे सीट बेल्ट. बाळाच्या वाढदिवसाआधी पूर्ण करणे." या गाडीला मुळात पट्टे नव्हतेच. आपल्याकडे पुढच्या सीटचे पट्टेसुद्धा 1994 च्या आधी बंधनकारक नव्हते. बाकीची कामं दादाने मित्रांना दाखवायला काढली असतील, पण हे काम कुणाला दिसणारच नव्हतं. ते त्याने पाच वर्षांच्या मुलीसाठी केलं होतं, आणि ते एकच काम त्याने अर्धवट सोडलं नव्हतं. फक्त पट्टे आणायचे राहिले होते.

यावरूनच माझा शेवटचा निर्णय झाला. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. वीस हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत, आणि नंबरात 'व्हीए' ही मानाची अक्षरं. माझी गाडी वयाने बसत होती. पण त्यासाठी सांगाडा आणि इंजिन मूळ स्वरूपात हवं, म्हणजे त्या चार पट्ट्यांवर कुणी बोट ठेवू शकलं असतं. शिवाय तशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर काढता येते. मिरवायला छान, पण आत्याला खानापूरला न्यायला नाही. मी मानाची अक्षरं सोडली, पट्ट्या ठेवल्या आणि नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं. पट्टे नवे, चांगल्या प्रतीचे आणले. ते दादाने पाडलेल्या आट्यांत पहिल्या फेरीतच बसले.

दादाला फोटो पाठवला. त्याने लगेच फोन केला. गाडीबद्दल एक शब्द नाही. "तिला कळलं का?" एवढंच विचारलं.

ती आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या महिन्यात पहिल्यांदा गाडी घराबाहेर काढली. पुढे मी आणि मिस्त्री, मागे आत्या आणि ती. तिने पट्टा लावला आणि म्हणाली, "काका, बाबांनी ही गाडी का सोडली ते मला कधी कळलंच नव्हतं. नोकरीसाठी सोडली, एवढंच ना?" मी म्हटलं, "एवढंच." आत्या खिडकीबाहेर बघत होती. रेल्वे गेट पडलेलं होतं. रांगेत थांबल्यावर तापमानाचा काटा चढायला लागला. मिस्त्री म्हणाले, "बंद करा सर, तिलाही दम खाऊ दे." गेट उघडल्यावर गाडी दुसऱ्या प्रयत्नात सुरू झाली.

तुमच्याही घरामागे, गोठ्यात, गॅरेजमध्ये कुणाचं तरी असं अर्धं राहिलेलं काम असेल. गाडी असेल, स्कूटर असेल, रेडिओ असेल. ते हातात घेणार असाल तर तीन गोष्टी करा. आधी कागदपत्रं बघा, कारण कागद नसतील तर बाकीची मेहनत वाया. काहीही फेकू नका, भंगार वाटणारा भागसुद्धा. आणि ज्याने ते सोडलं तो माणूस असेल तर त्याला फोन करा. मी तो फोन बारा वर्षं केला नव्हता.

हॉर्न अजून वाजत नाही आणि डिकीत पावसाचं पाणी येतं. दादा डिसेंबरमध्ये येतोय. ही दोन कामं मी मुद्दाम त्याच्यासाठी ठेवली आहेत.