चित्र, अनुमान आणि आपण

आजचे युग विज्ञानाचे आहे, हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकतो की त्याचा अर्थ विचारायचाच राहून जातो. सी. टी. स्कॅनचे उदाहरण घ्या. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात या यंत्राने प्रथमच एका रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्यामागील संशोधनाबद्दल हाउन्सफील्ड व कॉरमॅक यांना १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

काकडीच्या चकत्या कराव्यात तशी शरीराची आडवी छेदचित्रे हे यंत्र देते. मग संगणक ती एकावर एक रचून अवयवाचा त्रिमित आकार उभा करतो. १९८७ साली लोरेन्सन व क्लाइन यांनी त्याची एक रीत मांडली. शेजारच्या दोन छेदांतील चार-चार बिंदू घेऊन घन कल्पायचा, अवयवाचा पृष्ठभाग त्यातून कोठून जात असेल ते ठरवायचे आणि तेथे त्रिकोण बसवायचे. असे असंख्य त्रिकोण जुळले की पडद्यावर गुळगुळीत कवटी दिसते.

हा गुळगुळीतपणा यंत्राने पाहिलेला नसतो, ते अनुमान असते. भूगोलाच्या तासाला आपण समोच्चता रेषांवरून डोंगर काढतो. रेषांतील अंतर २० मीटर असेल तर १० मीटरची टेकडी नकाशातून निसटू शकते. तशीच ५ मिलिमीटर जाडीच्या चकतीत ३ मिलिमीटरची गाठ आजूबाजूच्या भागात मिसळून पुसट होते. आजची यंत्रे १ मिलिमीटरहून पातळ चकत्याही घेतात. पण त्या स्वच्छ दिसण्यासाठी क्ष-किरणांची मात्रा वाढवावी लागते.

घनफळाचेही तसेच. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चार चकत्यांत गाठीचे क्षेत्रफळ २, ४, ४ व २ चौरस सेंटिमीटर असेल, तर घनफळ ६ घन सेंटिमीटर येते. टोकाच्या चकतीतील पुसट डाग गाठीचा नव्हे असे ठरवले, की तेच ५ होते. रुग्णात काहीच बदललेले नसते. उपचार बदलायचे की नाही, हे मात्र काही वेळा अशाच आकड्यावरून ठरते.

अनुमान म्हणजे खोटे नव्हे. धूर पाहून अग्नी ओळखणे हेही अनुमानच. परंतु आमच्यासारख्या घरांत इंग्रजी रिपोर्ट वाचणारे पहिलेच माणूस कॉलेजात आलेले असते. तेथे रंगीत चित्राला देवाच्या तसबिरीइतका मान मिळतो आणि प्रश्न विचारणे उद्धटपणाचे वाटते. म्हणून माझे मत असे की, चकतीची जाडी किती, आकड्यात चूक किती संभवते, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेलेच पाहिजे. आणि मित्रहो, तर्कशास्त्र शिकणाऱ्या आपण कलाशाखेच्या मुलामुलींनी घरच्यांच्या वतीने ते न लाजता विचारले पाहिजे.

— द्वितीय वर्ष, कला